‘गेट’च्या कचाट्यात

वाचकाचं पत्र :

सर, नमस्कार. मी मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी व्याकरण पक्कं आहे, ऑफिसचा पत्रव्यवहार इतकी वर्षं इंग्रजीतच करतो आणि त्यात कोणी चुका काढलेल्या नाहीत. पण अलीकडे परदेशी सहकाऱ्यांशी रोज बोलावं लागतं आणि तिथे माझी दांडी गुल होते. कारण एकच क्रियापद : ‘गेट’. ‘आय विल गेट बॅक टू यू’, ‘डिड यू गेट टू द रिपोर्ट?’, ‘लेट्स गेट दिस ओव्हर विथ’, ‘यू गॉट मी देअर’. शब्द सगळे ओळखीचे, वाक्य मात्र परकं. परवा मी एक आकडा सांगितला तर समोरचा मोठ्याने म्हणाला, ‘गेट आउट ऑफ हिअर!’ मी गप्पच झालो. तो रागावलेला नव्हता, आश्चर्याने बोलला होता, हे दुसऱ्या सहकाऱ्याने नंतर सांगितलं.

शब्दकोश उघडला तर अर्थ संपेचनात. वहीत उतरवून पाठ करायला घेतले, पण दहावा अर्थ येईपर्यंत दुसरा विसरतो. हे सगळं पाठ करायचं का? शाळेत आम्हाला सांगायचे की ‘गेट’ हे हलकं इंग्रजी, ते टाळा. ते खरं का? आणि आमचा एक सहकारी ‘गॉटन’ लिहितो, ते चूकच ना?

— गेटग्रस्त

प्रिय गेटग्रस्त,

आधी ती वही मिटा. ‘गेट’ पाठ करून आलेला माणूस मी पाहिलेला नाही आणि तुम्ही पहिले ठराल असं वाटत नाही. यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. इंग्रजीत शब्द जितका आखूड तितका तो जास्त राबवलेला असतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये निघाली, तेव्हा तिच्यातली सगळ्यांत लांबलचक नोंद कुठल्या पंडिती शब्दाची नव्हती, ‘सेट’ची होती. ती एकटी नोंदच सुमारे 60,000 शब्दांची होती. पुढे संपादकांनी नव्याने काम हाती घेतलं तेव्हा ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले आणि ‘सेट’ मागे पडला. ‘गेट’ याच घरातला. 645 अर्थ कोणा इंग्रज माणसाला पाठ असतील का? त्याला विचारलंत तर चार-पाच सांगून तो डोकं खाजवेल. आणि तरी दिवसभर तो हा शब्द बिनचूक वापरतो.

तुम्हीही असाच एक शब्द दिवसभर बिनचूक वापरता. कल्पना करा, मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला तुम्ही ‘लागणे’ शिकवायला बसला आहात. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, नाद लागतो. गाडी फलाटाला लागते आणि गाडीत बसल्यावर एखाद्याला गाडी लागते. ‘तो तुमचा कोण लागतो?’ असं आपण नात्याबद्दल विचारतो. ‘तो बोलू लागला’ म्हणजे आपणहून सुरुवात केली आणि ‘त्याला बोलावं लागलं’ म्हणजे इलाज नव्हता. समोरच्याने वहीत बारा अर्थ उतरवले आणि विचारलं, ‘सर, हे पाठ करायचे का?’ तर तुम्ही काय सांगाल? बहुधा हेच की बाबा, ‘लागणे’कडे बघूच नकोस, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघ. भूक बसली आहे की नोकरी, ‘बोलू’ बसलं आहे की ‘बोलावं’, एवढं पाहिलं की झालं.

‘गेट’लाही हाच न्याय लावायचा. फक्त त्याआधी एक किल्ली हातात घ्या. इंग्रजीत ‘बी’ आणि ‘हॅव’ ही दोन स्थिर क्रियापदं आहेत. एकातून ‘असणं’ कळतं, दुसऱ्यातून ‘जवळ असणं’. ‘गेट’ त्या स्थितीत शिरण्याचा क्षण सांगतो. ‘शी इज अँग्री’ : ती रागावलेली आहे. ‘शी गॉट अँग्री’ : ती रागावली. ‘आय हॅव अ कोल्ड’ : मला सर्दी आहे. ‘आय गॉट अ कोल्ड’ : मला सर्दी झाली. ‘दे आर मॅरिड’ म्हणजे ते विवाहित आहेत, ‘दे गॉट मॅरिड’ म्हणजे त्यांनी लग्न केलं. मधला उंबरा ओलांडला गेला की ‘गेट’ येतो. आधी एक स्थिती होती, आता दुसरी आहे. नोकरी नव्हती, मिळाली. घरी नव्हतो, पोहोचलो. विनोद कळला नव्हता, कळला. शब्दकोशातले बरेचसे अर्थ या एका प्रश्नात मावतात : इथे काय बदललं?

म्हणून अनोळखी वाक्य कानावर आलं की ‘गेट’चा अर्थ आठवायच्या मागे लागू नका. काय बदललं ते विचारा आणि ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे नाम आलं तर मिळणं, आणणं, घेणं, होणं यांच्या आसपास अर्थ सापडतो. ‘आय गॉट युअर मेल’ म्हणजे मेल मिळाली. ‘गेट अ चेअर’ म्हणजे खुर्ची घेऊन ये. फोन वाजत असताना ‘कॅन यू गेट दॅट?’ म्हणजे तेवढा फोन घेता का? पुढे विशेषण आलं तर सरळ ‘होणे’ : गेट टायर्ड, गेट रेडी, गेट ओल्ड. पुढे जागा आली तर पोहोचणं : ‘व्हेन डिड यू गेट होम?’ यात फारसं अडायला होत नाही, तुम्हीही इथे अडत नसणार.

अडतं ते पुढे ‘टू’ आल्यावर. तुमच्या पत्रातलं ‘डिड यू गेट टू द रिपोर्ट?’ घ्या. ‘टू’नंतर नाम आहे, म्हणजे रिपोर्ट ही जागा आहे असं समजा. कामांच्या रांगेत तिथपर्यंत पोहोचलात का, रिपोर्ट हातात घ्यायला सवड झाली का, एवढंच तो विचारतोय. ‘रिपोर्ट मिळाला का?’ असं त्याला विचारायचं असतं तर मधे ‘टू’ आला नसता. ‘येस, आय गॉट इट’ असं उत्तर दिलंत तर तो ‘बरं, मिळाला, पण वाचलात का?’ अशा नजरेने बघत राहील.

आता ‘टू’नंतर क्रियापद येऊ द्या. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली, भेटीचा योग आला. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटलंच पाहिजे. एका ‘हॅव’ने सुयोगाची सक्ती झाली. भरीस भर म्हणजे बोलताना हा ‘हॅव’ गिळतात आणि ‘आय गॉटा मीट हर’ असं ऐकू येतं. ‘बोलू लागला’ आणि ‘बोलावं लागलं’ यांतलं अंतर आपण सहज ओळखतो, तेच अंतर इथे आहे. कान तयार व्हायला मात्र थोडे दिवस द्यावे लागतात. तोवर एक खूण पुरेल : गोष्ट घडून गेलेली असेल तर बहुधा योग, पुढे व्हायची असेल तर सक्ती.

याच ‘हॅव गॉट’चा आणखी एक चकवा. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ हे रूपाने भूतकाळाकडे झुकलेलं दिसतं, पण अर्थाने निखळ वर्तमानकाळ आहे : मला दोन भाऊ आहेत. तर्कही साधा आहे. जे मिळालेलं आहे ते आता जवळ आहे. पुढे मिळण्याचा भाग विसरला गेला आणि जवळ असणं तेवढं उरलं.

सगळ्यांत जास्त वेळ मी दुसऱ्याकडून काम करवून घेणाऱ्या ‘गेट’वर घालवायला सांगेन, कारण ऑफिसात त्याचं राज्य आहे आणि मराठी माणसाची चूकही हमखास तिथेच होते. ‘गेट हिम टू साइन इट’ : त्याची सही घे, म्हणजे त्याला सांगून, पटवून, गळ घालून. इथे माणसाचं नाव आलं की पुढच्या क्रियापदाआधी ‘टू’ पाहिजेच. ‘गेट हिम साइन’ असं म्हणायची आपली सवय ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्या रचनेवरून आलेली आहे, कारण ‘मेक हिम साइन’ आणि ‘हॅव हिम साइन’ यांत ‘टू’ नसतो. तिघांची छटाही वेगळी. ‘मेक’मध्ये जबरदस्ती आहे, ‘हॅव’मध्ये अधिकार आहे, तर ‘गेट’मध्ये खटपट आहे. वरिष्ठांकडून सही आणायची असेल तर तुमच्या कामाचा ‘गेट’च.

माणूस बाजूला ठेवून वस्तू पुढे आणली की रूप बदलतं : ‘गेट इट साइन्ड’. कोणाकडून ते महत्त्वाचं नाही, सही झालेली पाहिजे. मराठीत आपण ‘केस कापले’ असंही म्हणतो आणि ‘कापून घेतले’ असंही, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तुम्ही आरशासमोर कात्री घेऊन उभे राहिलात असं चित्र उभं राहतं. दुसऱ्याने कापले असतील तर ‘आय गॉट माय हेअर कट’. ऑफिसात सतत ऐकू येणाऱ्या ‘आय विल गेट इट डन बाय फ्रायडे’मध्ये एक सोयीस्कर धूसरपणा आहे. काम तो स्वतः करणार की कोणाच्या गळ्यात मारणार हे वाक्य सांगत नाही. शुक्रवारपर्यंत झालेलं असेल, इतकीच हमी. तुम्हाला स्वतःच करतो आहे असं सांगायचं असेल तर ‘आय विल डू इट’ म्हणा.

याला लागूनच कर्मणीचा ‘गेट’ आहे. व्याकरण पक्कं असलेल्यांना तो खटकतो, कारण पुस्तकात कर्मणी प्रयोग म्हणजे ‘बी’. ‘ही वॉज फायर्ड’ हे बरोबर, मग ‘ही गॉट फायर्ड’ कुठून आलं? इथे मराठी कान तुमच्या मदतीला येईल. आपल्याकडे फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे अशा जोड्या आहेत. ‘काच फोडली’ म्हटलं की फोडणारा डोळ्यांसमोर येतो, ‘काच फुटली’ म्हटलं की घटना तेवढी उरते. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्यातून काच फुटलेली होती की कोणी फोडली ते नीट कळत नाही. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ मात्र सरळ ‘फुटली’कडे जातं : काहीतरी घडलं आणि काच गेली. माणसांबाबत हा ‘गेट’ वापरला की त्याला बऱ्या-वाईटाचा रंग चढतो. गॉट प्रमोटेड, गॉट कॉट, गॉट हर्ट यांत ज्याच्यावर गुजरलं त्याच्या बाजूने बोलल्यासारखं वाटतं. बोलण्यात हे अगदी रास्त आहे. चौकशीच्या अहवालात किंवा नियुक्तिपत्रात मात्र ‘वॉज’च शोभतो.

आता ‘गेट’ला चिकटणारी शेपटं : अप, ओव्हर, अवे, थ्रू, बाय, ॲट वगैरे. वही भरते ती यांच्यामुळे. पाठांतर इथेही नको, पण इथे मला एक हौस आहे ती तुम्हाला सांगतो. इंग्रजी अर्थाला इंग्रजीत समजावण्यापेक्षा त्याला मराठी वाक्प्रचाराचा जोडीदार शोधायचा. तो इतका चपखल सापडतो की मग इंग्रजी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. ‘गेट अराउंड टू इट’ म्हणजे खूप दिवस रेंगाळलेल्या कामाला एकदाचा मुहूर्त लागणं. ‘गेट अवे विथ इट’ म्हणजे केलेलं पचणं. ‘ही गॉट अवे विथ इट’ : त्याला ते पचलं. बघा, ‘वाईट काम करून शिक्षेपासून सुटका मिळवणे’ ही शब्दकोशातली ओळ त्याच्यापुढे किती पांगळी वाटते! ‘गेट वाइंड ऑफ’ म्हणजे कुणकुण लागणं. ‘गेट द हँग ऑफ’ म्हणजे हात बसणं. ‘गेट ऑन माय नर्व्ज’ म्हणजे डोक्यात जाणं. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं, ‘गेट इव्हन’ म्हणजे उट्टं काढणं, ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुमचा रोख काय आहे? आणि ‘गेट कॅरिड अवे’साठी तर काही शोधायलाच नको, आपलं ‘वाहवत जाणं’ शब्दशः तेच आहे.

तुम्ही दिलेली वाक्यंही याच रीतीने सुटतात. ‘गेट दिस ओव्हर विथ’ : हे एकदाचं उरकून टाकू. नावडत्या कामाबद्दलच असं म्हणतात, तेव्हा कोणी तुमच्याशी ठरलेल्या बैठकीबद्दल हे बोललं तर त्याची हौस ओळखून असा. ‘यू गॉट मी देअर’ : तिथे तुम्ही मला पकडलंत, माझ्याकडे उत्तर नाही. ही कबुली आहे, थोडी हसत दिलेली. ‘आय विल गेट बॅक टू यू’ : नंतर कळवतो. हे मात्र जपून ऐका. कधी खरंच कळवायचं असतं आणि कधी ‘बघू’ या आपल्या शब्दाइतकंच ते पोकळ असतं. तारीख जोडलेली असेल तर विश्वास ठेवायचा, नसेल तर स्वतःच दोन दिवसांनी आठवण करायची.

‘गेट ओव्हर’ची जोडी मात्र नाजूक आहे. आजारातून उठणं, दुःखातून सावरणं या दोन्हींसाठी तो चालतो, पण दुसऱ्याला ‘गेट ओव्हर इट’ असं आज्ञार्थात सांगितलं तर त्यात ‘पुरे आता ते’ असा तुसडेपणा येतो. एकूणच ‘गेट’ आज्ञार्थात आला की कान टवकारावेत. ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही वाट चुकलो, निरुपद्रवी वाक्य. ‘गेट लॉस्ट!’ म्हणजे चालता हो. आणि तुमचं ‘गेट आउट ऑफ हिअर!’ खरोखर हाकलण्यासाठीही वापरतात आणि ‘काहीतरीच काय सांगता!’ या अर्थानेही वापरतात. आपणही आश्चर्याने ‘चल, काहीतरीच!’ म्हणतो तेव्हा कोणी चालायला लागत नाही. फरक सुरात आणि प्रसंगात असतो. तुम्ही नुकतीच काही नवलाची गोष्ट सांगितली असेल आणि समोरचा हसरा असेल तर तो तुमच्या आकड्याला दाद देतोय. पुढच्या वेळी ‘आय नो!’ म्हणून हसा आणि पुढे चला. तुम्ही स्वतः मात्र हा प्रयोग इतक्यात करू नका. सूर बसला नाही तर फटका बसेल.

वाहनांचा घोळ तुम्ही विचारला नाहीत, पण आज ना उद्या विचाराल. बस, ट्रेन, विमान, जहाज यांत चढायचं ते ‘गेट ऑन’ आणि उतरायचं ते ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी यांत मात्र ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. जिथे शिरल्यावर उभं राहून दोन पावलं चालता येतं तिथे ‘ऑन’. जिथे वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं तिथे ‘इन’. सायकल आणि घोडा यांवर आपण वर बसतो, म्हणून तिथेही ‘ऑन’.

आता आपल्याकडून इंग्रजीत घुसणारे काही ‘गेट’. ‘मला उशीर होतोय’ याचं आपण ‘आय ॲम गेटिंग लेट’ करतो. तिकडच्या कानाला ते विचित्र वाटतं. वेळ होत चालली असेल तर ‘इट इज गेटिंग लेट’, आणि उशीर मला होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’. ‘मला कळत नाहीये’वरून आपण ‘आय ॲम नॉट गेटिंग युअर पॉइंट’ म्हणतो. ‘कळणे’ या अर्थाचा ‘गेट’ असा चालू काळात सहसा येत नाही, ‘आय डोन्ट गेट युअर पॉइंट’ म्हणावं. तेही थोडं तिखट आहे. मवाळ हवं असेल तर ‘आय डिडन्ट क्वाइट गेट दॅट’. यात ‘दॅट’ म्हणायचं, ‘यू’ नाही. ‘आय डिडन्ट गेट यू’ आपल्याकडे सर्रास चालतं, बाहेर ते अडखळवतं. एक बारीक गोष्ट उच्चाराची. दाराचं ‘गेट’ आणि हे ‘गेट’ देवनागरीत सारखंच दिसतं आणि आपण बोलतोही सारखंच. इंग्रजीत क्रियापदातला ‘ए’ आखूड आणि मोकळा आहे, दाराचा ‘ए’ लांबवून शेवटी ‘इ’कडे वळतो. क्रियापद झटकन म्हणून सोडून द्या.

शाळेतल्या सल्ल्याकडे येतो. ‘गेट टाळा’ हे पूर्ण खोटं नाही. एका परिच्छेदात सहा ‘गेट’ आले तर लेखन आळशी दिसतं, आणि करारात किंवा अर्जात ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ असे नेमके शब्द बरे. पण हा नियम लिहिण्याचा होता, तो आपण बोलण्याला लावून बसलो. परिणामी आपला माणूस चहाच्या सुट्टीतही ‘आय ऑब्टेन्ड द इन्फर्मेशन’ असं बोलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा खिशातून शिक्का काढणार. मराठीत कोणी ‘मला बातमी प्राप्त झाली’ असं मित्राला सांगितलं तर आपल्याला जसं होईल, तसंच त्यांना होतं. तेव्हा बोलताना ‘गेट’ची लाज सोडा. मेलमध्येही सहकाऱ्यांना ‘गेट’ चालतो. लेटरहेडवर जाईल तिथे बदला.

या शब्दाच्या ताकदीवर एकाने तर अख्खी योजना उभी केली होती. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने 1930 मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ नावाची छाटलेली इंग्रजी मांडली. एकूण 850 शब्द आणि त्यांत क्रियापदं फक्त 18. ‘गेट’ अर्थातच त्या अठरांत होता. बाकी हजारो क्रियापदांचं काम या मूठभरांनी आणि त्यांच्या शेपटांनी करायचं, म्हणजे परक्यांना भाषा पटकन येईल असा हिशेब. माझ्या मते गोम तिथेच होती. शब्दांची यादी आखडली, पण ओझं जोड्यांवर गेलं. ‘एस्केप’ हा एक शब्द शिकणं सोपं की ‘गेट’ला ‘अवे’ लावल्यावर काय होतं आणि ‘अवे विथ’ लावल्यावर काय होतं ते शिकणं सोपं? तुमचा त्रास नेमका हाच आहे. ज्याला ही भाषा जन्मतः येते त्याला छोटे शब्द सोपे वाटतात. पुस्तकातून शिकलेल्याला मोठे शब्द सोपे पडतात, कारण त्यांना एकेकच अर्थ असतो.

सराव कसा करायचा, तर ऐकलेलं पूर्ण वाक्य टिपून ठेवा, सुटा अर्थ नको. कोण, कोणाला, कशावरून बोललं हेही एका ओळीत लिहा आणि शेजारी तुम्ही त्या जागी मराठीत काय म्हणाला असता ते. रोज एक मिळालं तरी पुष्कळ. शब्दकोश उघडायचाच असेल तर अर्थांच्या रांगेत न शिरता तिथली उदाहरणं वाचा. आणि बोलताना अर्थ निसटला तर थांबवून विचारा. बेचाळीस अर्थ पाठ असलेल्या माणसापेक्षा ‘सॉरी, व्हॉट डू यू मीन?’ म्हणणारा लवकर शिकतो.

राहिला ‘गॉटन’. चूक नाही. इंग्लंडमध्ये ते रूप पूर्वी चालायचं, मग तिथल्या वापरातून बहुतेक गेलं, अमेरिकेत टिकलं. ‘फरगॉटन’ आणि ‘इल-गॉटन’ मध्ये ते आजही दोन्हीकडे आहे. ‘फरगेट’ हा शब्द याच कुळातला आहे. हाती असलेलं सुटणं असा त्याचा मूळ भाव. खुद्द ‘गेट’ इंग्रजीत आला तो इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘गेटा’ या शब्दावरून. अमेरिकन माणूस दोन्ही रूपं वापरतो आणि त्यांत फरक करतो. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे कार आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी कार मिळवली. ‘हॅज गॉटन वर्स’ म्हणजे आणखी बिघडलंय. ब्रिटिश वळणाचं लिहिणारा दोन्हीकडे ‘गॉट’च लिहील. तुमच्या कंपनीचं स्पेलिंग ब्रिटिश असेल, म्हणजे ‘कलर’मध्ये ‘यू’ लिहीत असाल, तर तुम्ही ‘गॉट’ ठेवा आणि सहकाऱ्याचं ‘गॉटन’ दुरुस्त करायला जाऊ नका. दोघांनी मिळून एकच कागद लिहायचा असेल तेव्हा मात्र एक वळण आधी ठरवून घ्या.